घरचा फोन

कंपनीत सगळे त्यांना ताई म्हणायचे, तेव्हा आपणही ताईच म्हणू. ताई इलेक्ट्रिकल इंजिनियर होत्या आणि टेस्टिंग खात्यात कामाला होत्या. कंपनी पंपांची कंट्रोल पॅनेलं बनवायची. पॅनेल म्हणजे माणसाहून उंच लोखंडी कपाट, आत नंबर घातलेल्या वायरींचं जंगल, दारावर लाल-हिरवे दिवे. पंप कधी सुरू व्हायचा आणि कधी थांबायचा, हे ते कपाट ठरवतं. कपाट तयार झालं की ताईंच्या खोलीत यायचं. ताई त्याला वीज द्यायच्या, मग मुद्दाम खोटे सिग्नल द्यायच्या, नको तिथे वायर काढायच्या, आणि ते कुठे कच खातं ते बघायच्या. साहेब गमतीनं त्यांना पॅनेलची सासू म्हणायचे. ताई हसायच्या. साहेबांच्या विनोदाला न हसण्याची चैन करार संपत आलेल्या माणसाला परवडत नाही, आणि तिथे सगळ्यांचेच करार दरवर्षी संपत यायचे.

दुसरा माणूस हिरो. हे अर्थात टोपणनाव. हिरो साइट इंजिनियर होता. गिऱ्हाइकाकडे बसवलेलं पॅनेल बिघडलं की तो बॅग उचलायचा आणि निघायचा. तिथे पोहोचून पॅनेलचं दार उघडलं, की कानात इअरफोन घालून पहिलं काम काय, तर ताईंना फोन.

"ताई, मधला लाल दिवा लागलाय. बाकी सगळं ठीक दिसतंय."

"दिसण्यावर जाऊ नका. मीटर लावा. त्याआधी मेन बंद करा."

"करतो."

"करतो नाही. आधी सगळं बंद करा, मग आत हात घाला. किती वेळा सांगायचं?"

ताई टेबलावर ड्रॉइंग पसरायच्या, पण ते नावापुरतं. जे पॅनेल त्यांनी एकदा छळून काढलं, त्याची प्रत्येक वायर त्यांच्या डोळ्यांसमोर असायची. इथे मोजा, आता तिथे मोजा, हा स्क्रू आवळा, तो रिले बदला. थोड्या वेळानं पलीकडून पंपाचा आवाज यायचा आणि हिरो म्हणायचा, "सुटलं ताई. तुमच्याशिवाय माझं काही खरं नाही." मग साइटच्या रिपोर्टवर हिरोची सही व्हायची. जो तिथे असतो तो सही करतो, त्यात गैर काही नाही. त्या रिपोर्टांच्या जोरावर हिरोचा फोटो दोनदा कंपनीच्या फळ्यावर लागला होता. त्या फळ्यासमोरच पाणी प्यायची जागा असल्यामुळे ताईंना तो रोज दिसायचा.

हिरो माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर ताईंनी कधीच फोन ठेवून दिला असता. हात चांगला होता त्याचा, अभ्यासही केलेला होता. फक्त मागे चार माणसं कमरेवर हात ठेवून उभी राहिली, की त्याचं डोकं चालेनासं व्हायचं. घरी आजारी वडील, दोन लहान मुलं, आणि बायकोला वाटतं आपला नवरा फार मोठा तज्ज्ञ. परत आला की तो आठवणीनं ताईंच्या मुलीसाठी चॉकलेट आणायचा.

मग ताई स्वतःच साइटवर का जात नव्हत्या? तर मागितलं होतं त्यांनी. साहेबांनी खुर्चीत रेलून अगदी मायेनं समजावलं होतं, "ताई, तिथं बाथरूमची सोय नसते. मुक्काम पडला तर राहणार कुठं? उद्या काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?" रागावले असते तर ताई भांडल्या असत्या. काळजीशी कसं भांडायचं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्या गुपचूप आपल्या खोलीत आल्या आणि त्याच दुपारी हिरोला फोनवरून एक अख्खं पॅनेल दुरुस्त करून दिलं.

असं बरीच वर्षं चाललं. मग कंपनी विकली गेली.

नवे मालक आले नाहीत, त्यांचं धोरण तेवढं आलं. साहेबांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये जमवलं आणि घसा खाकरून सांगितलं की निम्म्या लोकांचे करार पुढे चालणार नाहीत. टेस्टिंग बाहेरून करून घ्यायचं ठरलं आहे. ठेवायचे ते गिऱ्हाइकासमोर उभे राहू शकणारे लोक, म्हणजे साइटचा अनुभव असलेले. "यात वैयक्तिक काही नाही," असं साहेब म्हणाले. त्यांचं म्हणणं खरंच होतं. साइटवर आजवर एकाही बाईला पाठवलेलं नव्हतं, त्यामुळे कोण जाणार हे नावं न घेताच सगळ्यांना समजलं. ड्रॉइंग खात्यातल्या दोघी एकमेकींकडे न बघता ताटं ठेवायला उठल्या.

ताईंच्या घरी पगार एकच येत होता, तो त्यांचा. नवराही इंजिनियर. त्याची कंपनी गेल्या वर्षी बंद पडली. तेव्हापासून तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून अर्ज पाठवायचा. सुरुवातीला उत्तरं यायची, हल्ली तीही येत नव्हती. घरात सगळ्यांत मोठा आवाज ज्याचा, तो माणूस हल्ली पंखा लावतानासुद्धा विचारायचा, "लावू का गं?" ते ऐकलं की ताईंना भडभडून यायचं. नोकरी गेली तर आपणही अशाच होऊ, ही भीती त्यांना पगाराच्या भीतीहून जास्त वाटायची. पण तसं त्या कोणाजवळ बोलल्या नाहीत.

कॅन्टीनमधली बातमी त्यांनी घरी सांगितली. नवरा बराच वेळ टेबलाची कड नखानं खरवडत राहिला. मग म्हणाला, "तो साइटवाला सांगेल ना? तूच सगळं करतेस म्हणून?"

"सांगेल की."

सासूबाई आतून म्हणाल्या, "सांगेल म्हणे. तो जेवायला बसताना तरी तुला न विचारता बसतो का?" सासूबाईंचं हिरोबद्दलचं मत पहिल्यापासून असंच होतं. सुट्टीच्या दिवशी भांडी घासता घासता सून खांद्यानं फोन धरून कोणाला तरी वायरी सांगते, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी हिरोला पार्किंगमध्ये गाठलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. साहेबांकडे जा आणि म्हणा की साइटवरची कामं आम्ही दोघं मिळून करतो. एवढंच, जास्त काही नको. हिरोनं मान डोलावली. "तुम्ही सांगायला हवं का ताई? माझं कामच आहे ते. योग्य वेळ बघून बोलतो."

ती योग्य वेळ काही येईना. हिरो चहाच्या वेळा बदलू लागला. समोरून ताई दिसल्या की त्याला काहीतरी विसरल्याची आठवण व्हायची आणि तो मागे फिरायचा. ताईंना कळत होतं. दोघं मिळून म्हटलं की साहेब पहिला प्रश्न विचारणार, मग यातलं तुझं किती? त्या प्रश्नाला हिरोकडे उत्तर नव्हतं. जागा जर थोड्याच असतील तर ताईंना वाचवताना तो स्वतः बुडण्याची शक्यता होती. आपण त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, असं ताईंनी स्वतःला विचारून पाहिलं आणि लगेच तो विचार झटकून टाकला.

शेवटी त्या स्वतःच साहेबांसमोर जाऊन बसल्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, फोनवर मदत सगळेच करतात. मीसुद्धा करतो."

"मदत नाही साहेब. बिघाड मी शोधते. तो हात चालवतो."

"आता हे कोण सांगणार?"

"मला एकदा पाठवा. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येते. मुक्काम नको, काही नको. तिथली माणसं सांगतील कोणी काय केलं ते."

साहेबांनी पेन फिरवलं. मनात आणलं तर ते न्यायी होते, आणि आपण न्यायी आहोत हे स्वतःला दाखवून द्यायला त्यांना आवडायचं. पाणी शुद्ध करण्याच्या एका प्लँटवरून तक्रार आलेलीच होती, पंप सुरू होऊन मधेच बंद पडतात अशी. "जा दोघं," साहेब म्हणाले. "होऊन जाऊ दे समोरासमोर. प्लँटवाले जे कळवतील ते मी वर पाठवतो. मग माझ्यावर बोल नको."

ताईंना त्या दिवशी घरी जाताना वाटलं की आता गंगेत घोडं न्हालं. त्यांनी सकाळी लवकर उठून जाड तळाचे बूट काढले, कितीतरी वर्षांत घातले नव्हते ते. नवऱ्यानं पुसून दिले. मुलीनं विचारलं, "आई, तू कारखान्यात जाणार?" ताई म्हणाल्या, "रोजच जाते की." पण स्वतःशी त्या हसल्या.

प्लँट शहराबाहेर होता. लांबलचक भिंत, मोठं फाटक, आत पाण्याचे चौकोनी हौद आणि क्लोरिनचा नाकात जाणारा वास. फाटकावर हिरोचं कार्ड तयार होतं. ताईंचं नाव कुठेच नव्हतं. कंपनीनं कळवलंच नव्हतं. ताईंनी ऑफिसला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "अरेच्चा, राहिलं वाटतं. आता आजच्या दिवस चालवून घ्या." रखवालदारानं त्यांना पाहुण्यांचं कार्ड दिलं आणि नियम समजावला. पाहुण्यांनी पिवळ्या पट्टीच्या आत यायचं नाही, पॅनेलला हात लावायचा नाही.

"अहो, मी पॅनेलसाठीच आलेय."

"मॅडम, कार्ड जे आहे ते आहे."

हिरो हेल्मेट आणायला पुढे गेला होता. तेवढ्यात प्लँटचे प्रमुख आले. निवृत्तीला टेकलेले, ढेरपोटे, हसऱ्या तोंडाचे गृहस्थ. तिथे त्यांना सगळे काका म्हणत. ताई रखवालदाराशी हुज्जत घालत होत्या, ते ऐकून काका थबकले.

"तुमचा आवाज ओळखीचा वाटतोय मला."

ताई रखवालदाराला सोडून काकांकडे वळल्या. म्हणजे इथे आपल्याला कोणी ओळखतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी साक्षीदार भेटला होता. "फोनवर ऐकला असेल," त्या म्हणाल्या.

"फोनवरच! मागं एकदा यांच्या कानातलं निघालं आणि फोन मोठ्यानं वाजायला लागला. 'आधी सगळं बंद करा, मग आत हात घाला.' आम्ही सगळे हसलो. म्हटलं, केवढी काळजी आहे नवऱ्याची." काका मनापासून खूश होते. "बरं झालं वहिनी, आज तुम्हीच आलात. यांना तुमचे सारखे फोन. आम्ही विचारलं की म्हणतात, घरून आहे. हो गं, बघतो गं, मोजतो गं. आमची ही मला दिवसातून एकदा फोन करत नाही."

ताईंना आधी काही समजलंच नाही. मग समजलं, आणि कोणीतरी सगळ्यांदेखत थोबाडीत मारावी तसं झालं. हिरो दोन हेल्मेटं घेऊन येत होता. त्यानं काकांचं शेवटचं वाक्य ऐकलं होतं. चालता चालता तो मधेच उभा राहिला.

काका कुलूप उघडायला पुढे गेले. हिरो जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, आत्ता नको. पाया पडतो तुमच्या. ऑफिसात गेल्यावर सगळं सांगतो. मुलांची शपथ."

"बायको म्हणून सांगितलंत तुम्ही मला?"

"बायको असं नाही म्हटलं कधी. घरून आहे एवढंच म्हणायचो."

"आणि हो गं, बघतो गं? मला तर कधी ऐकू आलं नाही."

"ते माइक बंद करून, यांना ऐकवायला. ताई म्हणताना पॅनेलमध्ये तोंड घालायचो."

तेव्हाच बोलायला हवं होतं, हे ताईंना नंतर हजार वेळा वाटलं. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य तोंडाशी आलं आणि त्याच्या मागोमाग दुसरंही आलं. मी याची बायको नाही म्हटलं, तर मग मी याची कोण? परक्या ठिकाणी परक्या पुरुषाबरोबर आलेली, दिवसातून चारदा त्याला फोन करणारी, आणि जिला तो घरचं माणूस सांगतो अशी बाई. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे जाईल आणि त्या जागी काय येईल, ते ताईंना लख्ख दिसलं. ती गोष्ट त्यांच्या आधी ऑफिसात पोहोचेल. नंतर घरी. पुरुषाची चूक म्हणून ती चार दिवस चघळली जाईल, बाईची मात्र जन्मभर पुरेल. शिवाय आत पंप बंद होते, आणि अर्ध्या शहराचे नळ कोरडे पडायची वेळ आली होती.

"मी कंपनीत टेस्टिंगला आहे," पॅनेलपाशी पोहोचल्यावर त्या काकांना म्हणाल्या. एवढंच त्यांना जमलं.

"अरे वा. दोघं एकाच कंपनीत. बरंय की, येणं-जाणं एकत्र."

पिवळी पट्टी पॅनेलपासून चांगली दहा पावलं लांब होती. ताई पट्टीच्या अलीकडे ड्रॉइंग घेऊन उभ्या राहिल्या. आपल्या हातानं बिघाड काढायला म्हणून आलेली बाई पुन्हा नुसता आवाज होऊन उभी होती, फक्त मधे फोन नव्हता. हिरोनं मेन बंद केलं, दार उघडलं. आतून गरम वायरींचा ओळखीचा वास आला. त्या पॅनेलची प्रत्येक वायर ताईंच्या नजरेखालून गेलेली होती. त्याच्याकडे बघून त्यांचं मन थोडं शांत झालं.

"पंप बंद पडतात तेव्हा टाकी रिकामी असल्याचा दिवा लागतो का?" त्यांनी काकांना विचारलं.

"लागतो. पण टाकी तर काठोकाठ भरलेली असते."

"मग पॅनेल बरोबर वागतंय. टाकी रिकामी आहे असं त्याला कोणीतरी सांगतंय, म्हणून ते पंप वाचवायला बंद करतंय." मग हिरोला, "उजवीकडची खालची पट्टी. टाकीकडून येणाऱ्या दोन वायरी. सोडवा आणि मीटर लावा."

हिरोनं सोडवल्या आणि मीटर लावला. आकडा स्थिर राहीना. ताई म्हणाल्या की वायरीच्या दुसऱ्या टोकाला, टाकीवरच्या जोडणीच्या डबीत पाणी शिरलं असणार. मंडळी टाकीवर गेली. डबी उघडली तर आत हिरवट गंज आणि खरोखरच पाणी. पुसलं, वायरीची टोकं कापून नवी केली, डबी बदलली. परत येऊन हिरोनं मेन चालू केलं. पंप घरघरले आणि चालू राहिले. सगळे वाट बघत उभे राहिले तरी बंद पडले नाहीत.

काका थक्क झाले. "वहिनींनाही बरंच कळतं की यातलं," ते हिरोच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "संगतीनं येतंच."

हिरो हसला नाही. तो मीटरच्या वायरी गुंडाळत राहिला.

परतीच्या गाडीत ताई खिडकीबाहेर बघत होत्या. बऱ्याच वेळानं हिरो आपण होऊन बोलायला लागला. पहिल्याच साइटवर गिऱ्हाइकानं विचारलं होतं, कोणाला विचारताय? ज्याला येतं त्यालाच का नाही पाठवलं? त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, घरून फोन आहे. मग तेच पडलं अंगवळणी.

"साहेबांना विचारतोय म्हणायचं."

"मग मला काही येत नाही असं होतं ताई. घरून आहे म्हटलं की लोक तोंड फिरवतात. कोणी काही विचारत नाही."

"आणि टेस्टिंगच्या इंजिनियरला विचारतोय म्हणायला काय झालं होतं?"

हिरोनं प्रामाणिकपणे विचार केला, हे ताईंना दिसलं. "बाईला विचारतोय असं कसं सांगणार," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खोडसाळपणा अजिबात नव्हता. खरोखरच कसं सांगतात ते त्याला माहीत नव्हतं. ताईंना त्याचा राग येण्याऐवजी अतोनात थकवा आला. डोळे मिटून त्यांनी डोकं मागे टेकवलं.

प्लँटचं कळवणं आठवड्याच्या आत आलं. साहेबांनी दोघांना बोलावलं आणि समोर बसवून वाचून दाखवलं. इंजिनियरांनी बिघाड अचूक शोधला, काम झटपट केलं, प्लँट समाधानी आहे. सोबत त्यांच्या पत्नी आल्या होत्या, त्यांचीही ओळख झाली, आनंद वाटला.

साहेबांनी चष्मा काढला. "हे काय आहे?"

ताईंनी हिरोकडे पाहिलं. मुलांची शपथ घेतलेला माणूस टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होता.

"त्यांचा गैरसमज झाला साहेब," हिरो म्हणाला.

"ते कळलं मला. काम कोणी केलं?"

 हिरोनं ग्लास थोडा पुढे सरकवला. तो खोटं बोलला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. तो म्हणाला, "ताईंची खूप मदत झाली."

मदत. सगळेच करतात ती. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकलेला ताईंना ऐकू आला.

त्यानंतर ताई बोलल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं, कार्डापासून पिवळ्या पट्टीपर्यंत, एक शब्द न चुकता. साहेबांनी अडवलं नाही. सगळं ऐकून ते म्हणाले, "मग ताई, तुम्ही तिथंच का नाही सांगितलंत, की मी बायको नाही?"

त्याचं उत्तर ताईंकडे होतं. पण ते त्या खोलीत, त्या दोघांसमोर देण्यासारखं नव्हतं.

"मी काय पाठवणार वर? हे पाठवू?" साहेबांचा आवाज पुन्हा मायाळू झाला. "तुमचंच नाव खराब होईल. आणि कसंय, तुमचे मिस्टर आहेतच."

"ते वर्षभर घरी आहेत साहेब."

"तेच म्हणतोय मी. पुरुष माणूस किती दिवस घरी बसेल? लागेल कुठंतरी. याच्या घरी तर हा एकटाच कमावता."

"माझ्याही घरी मी एकटीच आहे."

साहेबांनी मान हलवली, ऐकलं नसल्यासारखी. करार पुढे चालला नाही. ताईंच्या बरोबर ड्रॉइंगमधल्या दोघीही गेल्या. टेस्टिंगच्या खोलीतली मीटरं खोक्यांत भरताना हिरो दारात येऊन उभा राहिला होता. ताईंनी त्याला खोकं उचलायला सांगितलं आणि त्यानं ते उचललं.

आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन लॅपटॉप असायचे. अर्जात साइटचा अनुभव असा एक रकाना असे आणि ताई त्यापाशी येऊन थांबत. प्लँटवरचं सगळं ऐकल्यावर नवऱ्यानं एकदाच विचारलं होतं, "तो तुला तोंडावर काय म्हणायचा?"

"ताई."

"बरं," नवरा म्हणाला, आणि पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला नाही. तो ताईंवर रागावला नव्हता. पण त्या दिवसापासून पंखा लावायचा की नाही हे दोघंही एकमेकांना विचारायला लागले.

एका दुपारी ताई भांडी विसळत असताना फोन वाजला. नाव बघून त्यांनी तो उचलायचा नाही असं ठरवलं, आणि ओल्या हातानं उचलला.

"ताई, रागावू नका. ठेवू नका फोन. एवढं एकदाच." मागे माणसांचा गलका होता, कोणीतरी घाई करत होतं. "जुनंच पॅनेल आहे, तुमच्या हाताखालून गेलेलं. तिन्ही दिवे एकदम लागलेत. मी आत बघतोय पण..."

"आत हात आहे?"

"हो."

"मेन बंद केलंय?"

"करतो." तेवढ्यात पलीकडून एक जाडाभरडा आवाज आला, कोणाशी बोलताय हो? आणि हिरोनं उत्तर दिलं, माइक बंद करायचंही विसरून, सवयीनं, अगदी सहज, "घरून आहे, घरून."

ताईंनी नळ बंद केला. समोर विसळलेली ताटं होती. नवरा लॅपटॉपवरून मान वर करून बघत होता. सासूबाई भाजी निवडायच्या थांबल्या होत्या. घरूनच होता फोन. आता कोणी त्याला खोटं म्हणू शकलं नसतं.

"हात बाहेर काढा," त्या म्हणाल्या. "काढला?"

"काढला ताई."

"मेन बंद करा. मला ऐकू येऊ दे."

मोठा खटका पडल्याचा आवाज आला. ताईंनी फोन ठेवून दिला.

तो लगेच पुन्हा वाजला. थांबला, परत वाजला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, लोकांचं पाणी अडलं असेल." त्या आजवर हिरोच्या बाजूनं असं पहिल्यांदाच काही बोलल्या होत्या. ताईंनी पुढचं ताट उचललं. नवऱ्यानं फोन हातात घेतला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि आवाज बंद करून तो टेबलावर पालथा ठेवला.

ताईंनी राहिलेली भांडी विसळली, ओटा पुसला, वाळलेले कपडे आत आणून घड्या घातल्या. तिन्ही दिवे एकदम. एकेक दिवा लागला असता तर गोष्ट वेगळी होती. तिन्ही एकदम लागायचे तर तिघांची मिळून जी एकच वायर परत येते ती, डावीकडची, दाराच्या बिजागरीजवळून वळणारी. दार उघडून मिटून तीच तुटते. मुलीचा गणवेश हातात धरून त्या कपाटासमोर उभ्या राहिल्या. बिघाड सापडला होता, आणि तो कोणाला सांगणं हे आता त्यांचं काम नव्हतं.